शेवटचा डोळा विमलचा

विमल गेली, हे मला तिची सून रजनी हिने फोनवर सांगितलं. सकाळी आम्ही उठवायला गेलो तर उठल्याच नाहीत, एवढंच ती म्हणाली. आमच्या दोन घरांमध्ये जेमतेम एक गल्ली आहे. मी गेले तेव्हा तिला समोरच्या खोलीत ठेवलं होतं. अंगावर पांढरी साडी होती आणि उशाशी मेणबत्त्या लावल्या होत्या. आजूबाजूच्या बाया बुद्धवंदना म्हणत होत्या. तिच्या चेहऱ्याकडे पाहताना काहीतरी चुकल्यासारखं वाटलं, आणि मग लक्षात आलं की तिचा चष्मा काढलेला आहे. चष्म्याशिवाय तिला मी कधी पाहिलीच नव्हती. मी रजनीला हळूच म्हटलं, अगं, तिला चष्मा घाल, अशी कशी जाईल ती... रजनीने पदराने नाक पुसलं आणि म्हणाली, "राहू द्या बाई. तसाही त्याचा काय उपयोग होता? दिसत कुठी होतं त्यायले?"

मला वाटलं, शेवटच्या दोन-चार दिवसांबद्दल बोलते आहे. तसं नव्हतं. काचबिंदू होता. आधी कडेचं दिसेनासं झालं, मग कडा आत सरकत सरकत मधलंही गेलं. नागपूरच्या डॉक्टरांनी आता परत येणार नाही असं सांगितलं, त्यालाही काही वर्षं झाली होती. हे तिच्या मुलाला माहीत होतं, सुनेला माहीत होतं, भाजीवालीला माहीत होतं. माहीत नव्हतं ते मला, आणि मी रोज दुपारी तिच्यासमोर बसत होते.

ईशान, मुक्ता, माझ्या नातवंडांनो, वर्तमानपत्राच्या पुरवणीसाठी विमलबाईंवर लिहा असा निरोप आला तेव्हा मी आधी नाही म्हटलं होतं. अशा लेखात गेलेल्या माणसाबद्दल चांगलं लिहायचं असतं आणि माझ्या मनात तिच्याबद्दल राग होता. तो अजून आहे. पण तुम्ही दोघं दर फोनवर विचारता, "विमलआजी काय म्हणाल्या?" त्याचं उत्तर तुम्हाला द्यायलाच हवं. तेव्हा हे मी तुम्हाला लिहिते आहे, बाकीच्यांनी वाचलं तरी माझी हरकत नाही.

विमल आणि मी ऊर्जानगरजवळच्या एका शाळेत इंग्रजी शिकवत होतो. मी नागपूरच्या कॉन्व्हेंटमधून आलेली. उच्चार चोख, वह्यांना कव्हरं, खडू रंगांप्रमाणे लावलेले. विमल माजरीची. वडील कोळशाच्या खाणीत होते आणि तिच्या वस्तीतून इंग्रजीत एम.ए. झालेली ती पहिली मुलगी. वर्गात ती अगदी शुद्ध बोलायची, पण वर्गाबाहेर पाऊल पडलं की सरळ माजरीचं बोलणं सुरू. पहिल्या दिवशी माझं टेबल बघून ती म्हणाली होती, "काऊन वं, हे टेबल हाय का म्युझियम?" शिक्षकांच्या खोलीतले सगळे हसले. मीही हसले, जरा उशिराने. त्या दिवसापासून ती मला एकेरी हाक मारू लागली आणि मला ते बरं वाटलं. नागपूर सोडल्यापासून मला 'कुंदा' म्हणणारं कोणी उरलं नव्हतं.

आमच्या मुलांना इंग्रजीतल्या बघण्याच्या क्रियापदांचा फार त्रास व्हायचा. आपल्याकडे 'पाहणे' म्हटलं की पुष्कळसं भागतं. टीव्ही पाहिला, वाट पाहिली, पोरगी पाहिली, करून पाहिलं. इंग्रजीत मात्र सी वेगळं, लुक वेगळं, वॉच वेगळं. मी फळ्यावर तक्ता काढायचे. सी म्हणजे दिसणं, त्यासाठी काही करावं लागत नाही. लुक म्हणजे आपण होऊन नजर तिकडे वळवणं. वॉच म्हणजे हलत्या, बदलत्या गोष्टीवर नजर ठेवून राहणं. नोटीस म्हणजे ध्यानात येणं. स्टेअर, ग्लान्स, पीप... सगळ्यांना एकेक चौकट. मुलं तक्ता पाठ करायची आणि पेपरात 'आय लुक्ड अ टायगर' लिहायची.

विमलने तक्ता कधी काढला नाही. ती खिडकीपाशी जायची. तिथून वीजकेंद्राच्या चिमण्या दिसतात. ती म्हणायची, चिमणी तुम्हाला दिसतेच, डोळे उघडे असले की झालं, ते सी. आता मी सांगते म्हणून तिसऱ्या चिमणीकडे बघा, ते लुक. आणि गणिताच्या तासाला तुम्ही धूर कुणीकडे वळतो ते बघत बसता ना, ते वॉच. मग वाघावर यायची. आमच्या वसाहतीच्या रस्त्यावर वाघ येणं नवलाचं नव्हतं, सायकलवरून शाळेत येणाऱ्या मुलांना हे नीट कळायचं. ती म्हणायची, "तू वाघाले सी करतं तवा तो तुले कधीचा वॉच करून राह्यला असते." वर्ग हसायचा आणि त्या मुलांची ती दोन क्रियापदं आयुष्यात चुकायची नाहीत. मी शेजारच्या वर्गातून ऐकायचे आणि माझा तक्ता पुसून टाकावासा वाटायचा.

आम्हा दोघींची काम करायची एक रीत ठरली होती. प्रश्नपत्रिका मी काढायची आणि छपाईला जायच्या आधी शेवटची नजर विमलने टाकायची. ज्याने लिहिलं त्याला स्वतःची चूक दिसत नाही, असं ती म्हणायची, आणि ते खरंच होतं. तिने कागदाच्या कोपऱ्यात सही केली की मी तो कागद पुन्हा उघडतसुद्धा नसे. मुख्याध्यापकही विचारायचे, "विमलबाईंचा डोळा फिरला का?" फिरला असला की संपलं. इतक्या वर्षांत एका पेपरात एक स्पेलिंग चुकलं नाही. याचा मला गर्व होता. माझ्याहून जास्त तिला होता.

निवृत्तीनंतर आम्ही दोघींनी एकाच भागात घरं बांधली. तुमचे आजोबा गेले आणि मग विमल रोज दुपारी चहाला येऊ लागली. रजनी तिला फाटकापर्यंत सोडायची, मी किराण्याला चालले आहे असं सांगायची आणि तासाभराने न्यायला यायची. मी कौतुकाने म्हणायचे, सून असावी तर अशी. विमल आत यायची, उजव्या हाताच्या खुर्चीत बसायची, डाव्या बाजूच्या तिवईवर मी कप ठेवायचे. माझ्या घरातल्या वस्तू जागा सोडत नाहीत हे तुम्हाला माहीतच आहे. लहानपणी तुम्ही बसायचा एक मोडा हलवलात तरी मी तो परत ठेवायचे आणि मुक्ता चिडायची.

रविवारी तुमचे फोटो यायचे. मी फोन तिच्या हातात द्यायचे. ती तो डोळ्यांसमोर धरायची, जरा लांब, जरा जवळ, आणि म्हणायची, "सांग ना, कुठचा हाय हा?" मी सांगायचे, हा ईशानच्या शाळेतला, ही मुक्ता समुद्रावर, पिवळा फ्रॉक घातलेली. मग ती म्हणायची, "पिवळा रंग शोभते तिले. हसणं तुह्यासारखंच हाय वं, एका बाजूनं." किंवा, "ईशान आता बापावर चालला." मी रात्री तुम्हाला फोनवर सांगायचे, विमलआजी म्हणाल्या, तू एका बाजूने हसतेस. मुक्ता, तू आरशात जाऊन बघून आलीस आणि म्हणालीस, हो की आजी, खरंच... आठवतं? तो फोटो विमलने पाहिलाच नव्हता. तुम्ही दोघं मोठे झालात ते चेहरे तिने पाहिलेच नाहीत. जे मी तोंडाने सांगितलं तेच ती मला परत देत होती आणि मी ते खुशीने तुमच्यापर्यंत पोचवत होते.

हे एवढंच असतं तरी मी गिळलं असतं. म्हाताऱ्या माणसाने आपलं दुखणं लपवलं, त्यात काय मोठं? पण पुस्तिकेचं प्रकरण मला गिळता येत नाही.

पोंभुर्ण्याकडच्या जंगलातल्या गावांतल्या मुलांसाठी आम्ही एक छोटी पुस्तिका काढायचं ठरवलं. विषय तोच, बघण्याची क्रियापदं. कल्पना विमलची. प्रत्येक शब्दाला चित्र द्यायचं आणि ते चित्र त्या मुलांच्या रोजच्या पाहण्यातलं हवं, असं तिचं म्हणणं. झाडाखाली मोहाची फुलं शोधणारी बाई, ती लुक फॉर. गाडीच्या उजेडात खिळून उभं राहिलेलं चितळ, ते स्टेअर. बांबूच्या तट्ट्याच्या फटीतून पाहुण्यांकडे डोकावणारी मुलगी, ती पीप. आणि धानाच्या शेतात माळ्यावर बसून रानडुकरांवर नजर ठेवणारा म्हातारा, तो वॉच. तिथल्याच एका मास्तरांनी गावातल्या खऱ्या माणसांना समोर बसवून चित्रं काढली. माळ्यावरचा म्हातारा म्हणजे लालसूबाबा, हे गावात कोणीही ओळखलं असतं. मजकूर मी लिहिला, खाली मराठी अर्थ दिले. चंद्रपुरातल्या गजूभाऊंच्या छापखान्यात काम दिलं. जुने ओळखीचे, शाळेच्या प्रश्नपत्रिका तेच छापायचे. शेवटचं प्रूफ नेहमीप्रमाणे विमलकडे गेलं आणि तिच्या सहीने थेट छापखान्यात परत गेलं. मी उघडलं नाही.

पुस्तिका वाटायला आम्ही दोघी गेलो; गुडघे दुखतात म्हणून विमल माझा हात धरून चालत होती. शाळेच्या पटांगणात सतरंज्या घातल्या होत्या, मुलं, बाया, म्हातारी माणसं बसली होती. लालसूबाबा धुतलेला सदरा घालून पुढे बसले होते, त्यांचं चित्र पुस्तकात आलं होतं ना. मास्तरांनी पानं उलटत मोठ्याने वाचायला सुरुवात केली आणि एका पानावर ते थांबले. माळ्यावर बसलेल्या लालसूबाबांच्या चित्राखाली छापलं होतं: पीप, चोरून बघणे. आणि तट्ट्यातून डोकावणाऱ्या मुलीखाली वॉच. दोन चित्रांची अदलाबदल झाली होती. मागून कोणीतरी खुसखुसलं, मग पोरं हसायला लागली. त्या गावात कोणी कोणाच्या घरात डोकावत नाही, अंगणाबाहेरूनच हाक मारतात, आणि चोरून बघणारा म्हातारा म्हणजे काय हे समजायला कोणाला शाळेत जावं लागत नाही. लालसूबाबांना वाचता येत नव्हतं. ते सगळ्यांबरोबर हसत होते, तोवर त्यांच्या मुलाने कानात काहीतरी सांगितलं. म्हातारा उठला आणि कोणाकडेही न बघता घराकडे चालू लागला. मुलगा आमच्यासमोर येऊन उभा राहिला.

"आमच्या बुढ्यानं जिंदगीभर गावाचं धान राखलं, बाई. तुमी त्याले चोर करून छापलं?"

मी माफी मागितली, छापखान्याची चूक आहे म्हटलं, पानं बदलून आणते म्हटलं. विमल माझ्या बाजूलाच उभी होती. तिने माझा दंड घट्ट धरला होता. मला वाटलं, तिलाही माझ्याइतकीच लाज वाटते आहे.

दुसऱ्या दिवशी मी तिला घेऊन थेट छापखान्यात गेले. कामगारांसमोर गजूभाऊंना मी जे बोलले ते इथे लिहीत नाही. तुमच्या हातात एवढी वर्षं विश्वासाने काम दिलं, एका माणसाला त्याच्याच गावात मान खाली घालायला लावलीत, असं बरंच काही. ते म्हणाले, "बाई, प्रूफ तर पास होऊन आलं होतं." मी म्हटलं, विमलबाईंचा डोळा फिरलेल्या कागदात चूक राहत नाही, तुम्ही नंतर चित्रं हलवली असतील. गजूभाऊंनी विमलकडे बघितलं. ती माझ्या शेजारी, चष्मा लावून, ताठ उभी. क्षणभर वाटलं की ती काही बोलणार... ती एवढंच म्हणाली, "जाऊ दे कुंदा, चाल घरी." गजूभाऊंनी मान खाली घातली. सगळी पानं पुन्हा छापून त्यांनी स्वतः गावात पोचती केली. लालसूबाबांनी नवं पुस्तक घेतलं नाही. मी त्या छापखान्यात परत पाय ठेवला नाही आणि आमच्या ओळखीतल्या दोन शाळांनाही तिथे काम देऊ नका म्हणून सांगितलं. हे सगळं मी विमलसमोर, त्याच खुर्चीत बसून बोलत होते आणि ती चहा पीत होती.

ती गेल्यानंतर, चष्म्याची गोष्ट ऐकल्यानंतर, मला सर्वांत आधी हे आठवलं. जलदानाचा विधी झाल्यावर घरातली गर्दी कमी झाली तेव्हा मी रजनीला आतल्या खोलीत घेऊन बसले आणि विचारलं, त्या वेळी तिला दिसत होतं का? रजनी म्हणाली, नाही. मग प्रूफ कोणी वाचलं?

"मीच वाचून दाखवलं ना, बाई. एकेक अक्षर. त्यायनं स्पेलिंग विचारल्या, अर्थ विचारले. सारं बरोबर होतं. चित्राचं त्यायनं विचारलं नाई, मीबी सांगितलं नाई."

म्हणून मजकुरात एकही चूक नव्हती. कानाने वाचलेलं सगळं निर्दोष होतं आणि चित्रं मात्र मोठ्याने वाचता येत नाहीत; त्यांची अदलाबदल प्रूफातच होती. हे विमलला पटांगणात उभं असतानाच कळलं असणार. छापखान्यातही तिला ते ठाऊक होतं. पास होऊन आलेलं प्रूफ जसंच्या तसं छापणाऱ्या माणसाला मी त्याच्याच कामगारांसमोर बोलत होते, तिच्या डोळ्याच्या भरवशावर बोलत होते, आणि एका वाक्याने ती मला थांबवू शकत होती.

मी गजूभाऊंकडे गेले. त्यांनी खुर्ची पुसून दिली, पाणी मागवलं. मी सांगायला लागले तर ते म्हणाले, "मले मालूम होतं, बाई." प्रूफ परत करायला रजनीने विमलला दारात सोडलं होतं, तेव्हा सही कुठे करायची ते तिला सापडेना. त्यांनी तिचं बोट धरून कागदावर टेकवलं होतं. मग त्या दिवशी तुम्ही बोलला का नाहीत, मी विचारलं. त्यांनी हातातलं फडकं यंत्रावर टाकलं. "त्या उभ्या होत्या ना बाजूले. त्या सोता नाई बोलल्या, मंग मी कसा बोलू?"

परत येताना रिक्षात मला रडू आलं नाही, रागच आला. म्हणजे ज्याला मी बोलले तोसुद्धा त्या गुपितात होता. सगळे मिळून माझ्यापासून काहीतरी झाकत होते आणि मी एकटी मधोमध उभी राहून शहाणपण शिकवत होते. लालसूबाबांना मात्र यातलं काहीच कळलेलं नाही. ते अजून मलाच दोषी धरत असतील, किंवा गजूभाऊंना. विमलने मला खरं सांगण्याची तेवढी एक माणुसकी दाखवायला हवी होती. नंतर कधीतरी, खासगीत, चहा पिताना. वेळ भरपूर होता. ती बोलली नाही आणि मी तिला हे माफ केलेलं नाही.

रजनीला मी शेवटी विचारलं, मलाच का नाही सांगितलं? भाजीवालीला सांगितलं, मला नाही? रजनी म्हणाली, मी एकदा आईंना म्हटलं होतं, कुंदाबाईंना सांगून टाका, त्या समजून घेतील. त्यावर विमल तिला म्हणाली होती, "समजून घेईन ती, म्हणूनच नाई सांगत. बाकी सगळीकडं मी वाचून घेणारी झाली. तिच्याइथी मी अजून वाचणारी हाय." आणि म्हणाली होती, कुंदाच्या घरी मले काठी लागत नाई, तिथली खुर्ची उठून कुठी जात नाई.

हे ऐकून तुम्हाला वाईट वाटेल. मलाही वाटलं. पण वाईट वाटणं वेगळं आणि माफ करणं वेगळं, हे तुम्हाला आत्ताच समजलं तर बरं. माझ्या नीटनेटकेपणावर ती आयुष्यभर हसली आणि शेवटी त्याच्याच आधाराने तिने मला फसवलं. एखादे दिवशी मी खुर्ची हलवली असती तर सगळं तिथेच उघड झालं असतं. मी कधी हलवली नाही.

रजनीने त्या दिवशी उठता उठता आणखी एक गोष्ट सांगितली. तिच्या मते ती अगदी किरकोळ होती. चहा झाल्यावर ती विमलला न्यायला यायची. फाटक लावून गल्लीत आल्या की विमल थांबायची, वळून माझ्या व्हरांड्याच्या दिशेने तोंड करायची, हात वर करायची आणि रजनीला विचारायची, "उभी हाय का वं ती?" रजनी म्हणायची, हो, उभ्या आहेत. मग विमल तो हात हलवायची आणि निघायची. रोज, न चुकता.

विमल दाराबाहेर पडली की मी आत जायचे. कप विसळायचे, गॅस बंद आहे की नाही ते बघायचे, सांजवातीचं काढून ठेवायचे. मी व्हरांड्यात कधीच उभी नसायचे. मी विचारलं, मग तू हो का म्हणायचीस? रजनीने माझ्याकडे असं बघितलं की जणू मी फार सोपा प्रश्न विचारला. म्हणाली, "त्यायनं हात वर केलेला असायचा, बाई."

माझा राग गेलेला नाही. परवा गॅसवाला सिलिंडर ठेवून गेला. मी व्हरांड्यात उभी राहिले, तो फाटक लावून गल्लीच्या टोकाला वळेपर्यंत. त्याने मागे वळून पाहिलं नाही. मी आत आले आणि मग कप विसळला.